मिठात मिसळलेलं मीठ

आलापल्लीच्या पुढं, सागाच्या जंगलात, चैतूचं गाव होतं. पंधरा-वीस घरं, सगळी गोंडांची. चैतूचं घर त्यांतच होतं, पण तो गावात नव्हता. लाकूड तोडताना त्याच्या पायाला कुऱ्हाड लागली, जखम चिघळली आणि तिच्यात किडे पडले. किडे पडलेला माणूस जातीबाहेर, असा तिथला नियम. गावजेवण दिलं की परत आत. आता पायानं अधू झालेला माणूस गावजेवण कुठून देणार? त्यातच त्याची बायको तापानं गेली. मातीला कोणी आलं नाही. त्यानं तिला एकट्यानं, लंगडत, पाठीवर नेलं. मला या नियमाचा आजही संताप येतो. चैतूला मात्र कशाचाच यायचा नाही. विचारलं तर बोलायचा, नाहीतर गप्प.

मी तिथला शाळामास्तर. गोंडी बोलायचो, म्हणून १९५६ च्या उन्हाळ्यात नागपूरच्या कॉलेजातले प्राध्यापक गुणवंतराव आले, तेव्हा दुभाष्याचं काम माझ्याच गळ्यात पडलं. माणूस किती जोखीम घेतो हे त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी त्यांनी खडेमिठाची पोती आणली होती. तिथं पैशापेक्षा मिठाची ओढ जास्त. प्रत्येकाला एकच सवाल. एक ओंजळ मीठ मुकाट घ्या, नाहीतर मडक्यात न बघता हात घाला. आत चिंधीच्या सारख्याच पुरचुंड्यांत एक कवडी, एक चिंचोका. कवडी निघाली तर तीन ओंजळी, चिंचोका निघाला तर काही नाही.

सगळ्या गावानं मडक्यात हात घातला. गुणवंतराव हरखले. "काय धाडसी लोक आहेत हो!" कसलं धाडस घेऊन बसलात! जिंकलेलं सगळं मीठ मोहाच्या झाडाखाली एका चादरीवर ओतलं जात होतं. शिकारीचं मांस वाटतात तसे त्याचे सारखे वाटे पडणार होते. चिंचोका निघालेल्यालाही वाटा होताच, मग भ्यायचं कोणी कशाला?

शेवटी चैतूला बोलावलं. त्यानं एक ओंजळ मागितली. मी विचारलं, "काऊन रे?"

"चिंचोका आला त मले वाटा कोन देईन, मास्तर?"

गुणवंतरावांनी त्याला भित्र्यांत धरलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खेळ. चादरीवर पावसाळाभर पुरेल एवढा ढीग झाला. चैतूची पाळी आली आणि त्यानं सरळ मडक्यात हात घातला. कवडी निघाली. तो म्हणाला, "कालचं घरी तसंच आहे. मले आता मीठ लागतच नाई तोंडाले." तीन ओंजळी त्यानं धोतराच्या सोग्यात घेतल्या, लंगडत मोहाखाली गेला आणि ढिगावर ओतून मोकळा झाला. जन्मभर शिकार तिथंच आणून टाकलेली. पाय सवयीनं गेले असतील.

जातीबाहेरच्याचं मीठ साऱ्या गावाच्या मिठात! खाल्लं तर त्याला आत घेतल्यासारखंच, टाकलं तर पावसाळा अळणी. आणि मिठातून मीठ वेचणार तरी कसं? मला तर मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"मी भुललो, ध्यानातच नाई राह्यलं," चैतू म्हणाला. आवाजात ना भीती ना लाज.

गावचा मुख्य, म्हातारा इतवारी, ढिगाकडं नुसता बघत बसला. तेवढ्यात मंगली पुढं आली. विधवा बाई, घरात खाणारी तोंडं बरीच. तिनं ढिगातला एक खडा उचलला, जिभेवर ठेवला आणि गिळला. "मिठावानीच लागते," ती म्हणाली.

इतवारीनं हळूच मान हलवली. वाट्यांसाठी सागाची पानं मांडली होती, त्यांच्या शेवटी त्यानं आणखी एक पान ठेवलं. मी "चैतू!" म्हणून ओरडलोच. गुणवंतराव मला विचारत होते, "काल भित्रा, आज धाडसी, याला धरायचं तरी कशात?" मी म्हटलं, कशातही धरा.

चैतूनं आपलं पान उचललं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मी त्याच्यासोबत त्याच्या दारापर्यंत गेलो. म्हटलं, "बरं झालं ना रे?"

"झालं," तो म्हणाला. "हा खडा मंगलीनं तवाच तोंडात टाकला असता, मास्तर, त माह्या बायकोले चार खांदे भेटले असते."

एवढं बोलून तो आत गेला आणि त्यानं मीठ कालच्या मिठाशेजारी ठेवून दिलं.