पिशवीला डोळा: सोलापुरातले दोन दिवस

सोलापूरला जायचं ठरलं ते वैतागून. मी व्हिडिओ कलाकार आहे. कुणी बघत नसताना माणसं कशी वागतात, त्याचे छोटे छोटे तुकडे जमवते. पुण्यात मोबाईल जरा वर केला की समोरचा लगेच पोट आत घेतो. मैत्रीण म्हणाली, "सोलापूरला जा. तिथली माणसं निवांत असतात." दोन दिवसांनी मी सकाळच्या गाडीत होते.

माझं सामान म्हणजे एक खादीची झोळी. तिला बटणाएवढं भोक आणि आत मोबाईल. नियम माझे मीच केलेले: लहान मुलं नाहीत, रडणारं कुणी नाही. परवानगी मात्र कुणाचीच घेत नव्हते. रस्ता सगळ्यांचा आहे, असं स्वतःला सांगायचे.

चारेक तासांत पोचले. स्टेशनजवळ साधी, स्वच्छ लॉज हजाराच्या आत मिळते. उन्हाळ्यात गेलात तर कूलर चालतो का ते आधी बघा. मी बघितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी एसटीने अक्कलकोट गाठलं, तासाभराचा रस्ता. स्टँडवर एक बाई नवऱ्याला कानडीत हाका मारत होती, "लगू बा! लगू बा!" आणि तो उसाच्या रसाचा ग्लास न सोडता मराठीत सांगत होता, "आलो की!" तीनदा "आलो की" म्हणाला आणि जागचा हलला नाही. झोळीने ते सगळं टिपलं. परतीच्या एसटीत मी एकटीच हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातल्या बाजारात गेले. एका बंद दुकानाच्या पायरीवर झोळी मांडीवर घेऊन बसले. समोर दोन बायका कडक भाकरी विकत होत्या. हातभर अंतर, पण एकमेकींकडे पाठ. शेजारचा चहावाला म्हणाला, "जावा हायत. कुंभारी गावच्या. थोरली महादेवी, धाकटी गोदा. नळावरनं भांडल्या. सहा म्हैनं झालं, बोलत न्हाईत."

तेवढ्यात महादेवीबाई पाणी आणायला उठल्या. त्यांनी पाठ वळवली आणि कुठूनशी एक शेळी थेट त्यांच्या पाटीत घुसली. गोदाबाईंनी चप्पल उगारून तिला पिटाळलं, इकडेतिकडे बघितलं, स्वतःच्या भाकरीवरचं फडकं काढून जावेच्या पाटीवर नीट पसरलं आणि पुन्हा पाठ फिरवून बसल्या. महादेवीबाई परत आल्या, परकं फडकं बघून भडकल्या. "माज्या मालाला कुणी हात लावला?" गोदाबाई पाठमोऱ्याच भाकऱ्या रचत राहिल्या.

एवढ्या वर्षांत असा तुकडा मिळाला नव्हता. मी जरा पुढे वाकले आणि भोकातली काच उन्हात चमकली.

"ए बाई! तुज्या पिशवीला डोळा हाय व्हय?" महादेवीबाई ओरडल्या.

माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "पोलिसाला बोलवा." मी घाईघाईने म्हणाले, "मावशी, मी कलाकार आहे, वाईट काही नाही..."

"कलाकार हायस तर लपतीस कशाला?" महादेवीबाईंनी हात पुढे केला. "दाव काय काडलंस ते."

मी मोबाईल दिला. त्यांनी बघितलं. शेळी, चप्पल, फडकं. पुन्हा लावायला सांगितलं. मग मान वळवली.

"गोदे, शेळी आलती व्हय?"

"आलती."

"मग सांगायचं न्हाय?"

"तूच बोलत न्हाईस की!"

चहावाल्यासकट सगळे हसले. महादेवीबाईंनी हसू पदरात दाबलं आणि फडकं घडी करून जावेच्या मांडीवर ठेवलं.

मी धीर करून विचारलं, "मावशी, हे ठेवू का?"

"ठेव की. मी बरी दिसतीया."

गोदाबाईंनी मान हलवली. "मला नको. मी ते कुणाला दावायला न्हाय केलं."

मी थोडी अजिजी केली. चेहरा दिसणार नाही असं करते, म्हटलं. त्यांनी पुन्हा नकारार्थी मान हलवली. मग त्यांच्यासमोर तुकडा पुसला. "पुसलेलं जातंय त्या डब्यातनं बी काड," त्या म्हणाल्या, "नातीनं शिकवलंया मला." डब्यातूनही काढला. हळहळ वाटली, खोटं कशाला सांगू?

गोदाबाईंनी भाकरी मोडून शेंगदाण्याची चटणी घातली आणि माझ्यासाठी पोतं झटकून जागा केली. दोघींच्या मधे. (कडक भाकरी महिनाभर टिकते, प्रवासाला अवश्य घ्या.) नंतर दिवसभर मोबाईल हातात धरून, विचारून चित्रण केलं. माणसं पोटं आत घेत होती. पण पायरीवर तासभर बसून राहिलं की कंटाळून सोडतही होती.

घरी येऊन तीन आठवडे झाले. सोलापूरचं काम बरं झालंय. पण जुन्या फायली उघडल्या की हात अडखळायला लागला. आमच्या कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान आहे. तिथल्या काकांचे सात तुकडे माझ्याकडे आहेत, तीन वर्षांतले, आणि त्यांना पत्ताच नाही. काल सकाळी गेले आणि मोबाईल पुढे केला.

"काका, हे तुम्ही आहात. न विचारता घेतलंय. ठेवू की पुसू?"

काकांनी इस्त्री उभी केली, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "पहिल्यापासून लाव."