दोन तासांची गोष्ट
फरशी पुसायच्या फिनाईलचा वास आला की मला भिलाईतलं ते कपड्यांचं दुकान आठवतं. मला तिथे मॅनेजर होऊन दोनच महिने झाले होते. त्या सकाळी एरिया मॅनेजर पाहणीला यायचे होते, म्हणून मी फरशी दोनदा पुसून घेतली आणि साडी काउंटरमागचं स्टूल उचलून गोदामात ठेवलं, कारण ग्राहकांसमोर कुणी बसायचं नाही असा कंपनीचा नियम होता. त्या काउंटरवरची बाई रोज चरोद्याहून यायची. तिला सातवा महिना होता. "भाऊ, पाय सुजून राहिले. मले थोडं बसू द्या ना," ती म्हणाली. "दोन तासांची तर गोष्ट आहे, ताई," मी म्हणालो. साहेब उशिरा आले आणि दोनाचे चार तास झाले. ते दुकानाचं कौतुक करत असतानाच ती रॅकला धरून हळूहळू खाली बसली. ऑटोने मीच तिला दवाखान्यात नेलं. मूल वाचलं नाही. कशामुळे ते सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाहेर तिच्या सासूने मला विचारलं, "सकाळी तर चांगली होती. दुकानात काय झालं हो, साहेब?" मी म्हणालो, "काही नाही, एकदम चक्कर आली." वेळेवर आणलं म्हणून म्हातारीने मला हात जोडले. पुढे मला मोठं दुकान मिळालं, पगार वाढला. चरोदा इथून काही लांब नाही. पण तिथे जाऊन त्या म्हातारीला खरं सांगणं माझ्याच्याने अजून झालेलं नाही.