मांडवातली छत्री

माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, जमिनीच्या भानगडी तर पनवेलला रोजच्याच होत्या. त्यातल्या निम्म्या आता आठवतही नाहीत. पण खाडीकाठच्या एका गावातल्या वहिनींचं प्रकरण काल घडल्यासारखं डोळ्यांसमोर आहे. नावं कुणाचीच घेणार नाही. त्या बाईंना सगळं गाव वहिनी म्हणायचं, मीही तेच म्हणतो.

साल दोन हजार आठ-नऊच्या आसपासचं. मी पनवेलला पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी घेऊन मी चहाचा पहिला घोट घेतला न घेतला तोच बाहेर कालवा ऐकू आला. खिडकीतून पाहिलं, तर आवारात पाच-सहा गाड्या आणि वीसेक माणसं. पुढे होता गावातला एक पुढारी. गळ्यात बोटाएवढी जाड साखळी, पांढरे बूट, आणि आवाज असा की समोरच्या पानवाल्यालाही तक्रार पाठ व्हावी. तक्रार एवढीच होती की शहरातल्या एका खासगी रुग्णालयातल्या डॉक्टरनं त्याच्या वहिनीचं ऑपरेशन बिघडवलं, त्याला आत्ताच्या आत्ता बेड्या घाला.

बाकीच्यांना बाहेर बसवून मी त्याला एकट्याला केबिनमध्ये घेतलं. दार लागलं आणि माणूस निम्मा झाला. खुर्चीच्या टोकावर बसून, दाराकडे बघत, अगदी हळू बोलायला लागला. वहिनीला छातीचा कॅन्सर निघाला होता. डॉक्टरनं स्तन काढला आणि त्याच ऑपरेशनमध्ये आत सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. गावाला सांगितलं होतं, साधी गाठ होती. खुद्द त्यालाही तेच सांगितलं होतं. खरं काय ते फक्त त्याच्या मोठ्या भावाला, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याला ठाऊक होतं. आता जखम लाल झाली, सुजली, टाक्यांतून पाणी यायला लागलं, ताप उतरेना, तेव्हा डॉक्टरनं याला समोर बसवून सगळं सांगितलं.

"सायेब, माज्या वयनीच्या अंगान नकली माल घातला हाय," तो म्हणाला, आणि एवढा मोठा माणूस माझ्यासमोर रडला.

तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला. रुग्णालयातून फोन होता. याच मंडळींनी सकाळी तिथल्या स्वागतकक्षाच्या काचा फोडल्या होत्या आणि कंपाउंडरला दोन ठेवून दिल्या होत्या. म्हणजे एकाच माणसाची तक्रारही माझ्यासमोर आणि त्याच्याविरुद्धची तक्रारही.

मी दोन्ही गोष्टी कायद्यानं केल्या. तोडफोडीचा गुन्हा लगेच नोंदवला. डॉक्टरविरुद्धचा अर्ज चौकशीवर ठेवला, कारण उपचारातल्या निष्काळजीपणाचा गुन्हा डॉक्टरवर असा उठून दाखल करता येत नाही, आधी सरकारी तज्ज्ञ डॉक्टरांचा अभिप्राय घ्यावा लागतो. हे मी त्याला समजावून सांगितलं. त्याला ते अजिबात पटलं नाही. जाताना म्हणाला की पोलीस आणि डॉक्टर एका ताटात जेवतात. मी म्हटलं, जेवत असतील, मी डबा आणतो.

दुपारी मी त्या डॉक्टरांकडे गेलो. फुटलेल्या काचांच्या जागी पुठ्ठा लावलेला होता. डॉक्टर शांत होते, पण झोप नसलेला माणूस ओळखू येतो. इम्प्लांटची सगळी माहिती त्यांनी न मागता दिली, आणि पुढे तज्ज्ञांनीही ते अस्सल असल्याचं कळवलं. डॉक्टरांची काळजी वेगळीच होती. त्यांनी मला सोप्या भाषेत सांगितलं. इम्प्लांटच्या भोवती जंतू बसले, की औषध तिथवर नीट पोचत नाही. बऱ्याचदा ते काढावंच लागतं, जखम भरू द्यावी लागते, मग पुढचं पुढे. पण इथे नेहमीची औषधं लागू पडत नव्हती आणि नेहमीच्या तपासणीत जंतूही सापडत नव्हते. काही जंतू विहिरी-टाक्यांच्या पाण्यात असतात. ते हळूहळू वाढतात, त्यांची तपासणी वेगळी, औषधं वेगळी आणि कित्येक महिने घ्यायची.

"मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं, जखमेला बाहेरचं पाणी लागलं का," डॉक्टर म्हणाले. "दर वेळी नाही म्हणतात. आता तर दीर त्यांना इथे येऊच देत नाही. दुसरीकडे नेऊन तीच जुनी औषधं चालू आहेत. साहेब, माझ्यावरचा अर्ज राहू द्या बाजूला. हे असंच चाललं तर विष अंगात भिनेल आणि बाई हातची जाईल."

मी तीस वर्षं लोकांची खोटी उत्तरं ऐकली आहेत. स्वतःला वाचवायला खोटं बोलणारा माणूस बोलत सुटतो, न विचारलेलंही सांगतो. दुसऱ्याला वाचवायला खोटं बोलणारा एका शब्दावर थांबतो. वहिनींचं ते 'नाही' मला दुसऱ्या जातीचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी महिला हवालदारांना बरोबर घेऊन मी जबाब घ्यायला गावात गेलो. आगरी वस्ती. पूर्वी मिठागरं आणि भातशेती होती, आता जमिनी गेल्या, बंगले आले, दारात कंटेनर ओढणारे ट्रेलर उभे. वहिनींच्या घरापुढे मांडवाचे बांबू अजून तसेच होते. भिंतीवर मोठ्या अक्षरांत नवरा-नवरीची नावं रंगवलेली, चौकटीवर हळदीचे पंजे. मोठ्या मुलाचं लग्न ऑपरेशननंतर तीनेक आठवड्यांनी झालं होतं. तारीख आधीच ठरलेली, आजार मधेच निघाला. डॉक्टर थांबायला तयार नव्हते आणि वहिनी लग्न पुढे ढकलायला.

वहिनी बाहेरच्या खोलीत दिवाणावर पडून होत्या. अंगावर चादर, डोळे मिटलेले, चेहरा तापानं लाल. उशाशी नवरा बसला होता, अबोल गृहस्थ. दीर पायांशी उभा राहून मला कायदा शिकवत होता. हवालदारबाईंनी हळू आवाजात एकेक प्रश्न विचारला. जखमेला पाणी लागलं होतं का? नाय. घरात कुणी काही लावलं का? नाय. मग डॉक्टरांची चूक आहे असं तुमचं म्हणणं आहे का? यावर त्यांनी डोळे न उघडता सांगितलं की दोष कुणाचा नाय, त्यांचं नशीब तसं. बस्स. अशा जबाबाचं मी काय करणार?

मी कागद बाजूला ठेवला आणि लग्नाचा विषय काढला. आगरी माणसाशी लग्नाबद्दल बोलावं आणि त्यानं गप्प बसावं, हे होत नाही. दिराचा चेहराच बदलला. किती पंगती उठल्या, बँड कुठला, धवले, म्हणजे लग्नाची गाणी म्हणायला धवलारीण कुठून आणली, सगळं सांगायला लागला. मी सहज म्हटलं, हळद जोरात झाली असणार. तो म्हणाला, सांगून काय कळनार, सीडीच दाखवतो.

त्याच क्षणी वहिनींनी डोळे उघडले. इतका वेळ मान न हलवलेली ती बाई कोपरावर भार देऊन उठायला लागली. म्हणाल्या की सायबांना टाइम नसल, कशाला ते, ठेव. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी नजर वळवली. उत्तर त्या सीडीत आहे, एवढं मला तेव्हाच कळलं. कुणाविरुद्ध आहे ते मात्र अजून कळलं नव्हतं. मी दिराला म्हटलं, लावा.

टीव्हीवर मांडव दिसायला लागला. पाटावर नवरदेव, शेजारी वरमाय म्हणून वहिनी, दोघंही हळदीनं पिवळे झालेले. वहिनींनी पदर छातीवरून घट्ट ओढून घेतलेला होता. बायका त्यांच्या फक्त हातापायांना हळद लावत होत्या, तसं त्यांनीच आधी सांगून ठेवलं असावं. मग बँडचा ठेका चढला आणि विहिरीवरून वाजतगाजत आणलेल्या पाण्याची कळशी खांद्यावर घेऊन एक माणूस नाचत पुढे आला. पांढरे बूट मी लगेच ओळखले.

"हा बघा, मी," दीर हसत म्हणाला.

टीव्हीतला दीर नाचत नाचत वहिनींच्या मागे गेला. दीर-भावजयीची थट्टा, दुसरं काय! सगळा मांडव ओरडून त्याला चढवत होता. त्यानं आख्खी कळशी वहिनींच्या डोक्यावर उपडी केली. पाणी पडताक्षणी वहिनींचे दोन्ही हात छातीशी गेले. तोंड वेदनेनं आवळलं. मग कॅमेरा जवळ आला तशा त्या हसल्या. मागून आणखी दोघं कळश्या घेऊन आले.

दीर टीव्हीकडे बघत उभा होता. ओठांवरचं हसू अजून गेलं नव्हतं, पण डोळ्यांत काहीतरी हलायला लागलं होतं. मी विचारलं, ही विहीर रोजच्या वापरातली का? तो यांत्रिकपणे म्हणाला की नाही, नळ आल्यापासून पाणी कुणी काढत नाही, लग्नाला तेवढं मानाचं म्हणून आणतात. बोलता बोलता त्याचा आवाज बसला. डॉक्टरांनी त्यालाही पाण्याबद्दल विचारलं होतं आणि त्यानं छातीठोकपणे नाही म्हणून सांगितलं होतं. आमच्या वहिनीला आम्ही फुलासारखं ठेवलं, असंही सांगितलं होतं.

"बंद कर रं तो टीवी," वहिनी म्हणाल्या. "नाचत व्हतास तू. तुला काय म्हायत व्हता?"

तो मटकन खाली बसला आणि त्यानं दिवाणाच्या कडेला डोकं टेकलं. वहिनींनी त्याच्या केसांत हात घातला. मग पहिल्यांदाच त्या माझ्याशी सरळ बोलल्या.

"सायेब, मी या घरान आली तवा हा एवढासा व्हता. आय नव्हती त्याला. माज्याच हातचा जेवला. मी डॉक्टरला सांगितला असता तं त्यानं याला इचारला असता. मंग हा जिता राह्यला असता का?"

नवऱ्यानं चष्मा काढून पुसला. मला त्या बाईंचा राग आला, खरं सांगतो. दिराच्या मनाला लागू नये म्हणून ही बाई जिवावर उदार झाली होती, आणि तिकडे एक निरपराध डॉक्टर पुठ्ठ्यामागे बसून अर्जांना उत्तरं देत होता. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. म्हटलं, तुम्ही गेलात तर तो सुखानं जगेल असं वाटतं का तुम्हाला? हवालदारबाईंनी जबाबाचा कागद पुन्हा पुढे ओढला आणि या वेळी वहिनी नीट बोलल्या.

जबाबावर सही होईपर्यंत दिरानं गाडी दारात लावली होती. मला न विचारता, कुणाशी न बोलता, त्यानं वहिनींना उचलून मागच्या सीटवर बसवलं. रुग्णालयात पोचल्यावर काय झालं ते मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पांढऱ्या बुटांचा तो माणूस पुठ्ठा लावलेल्या खिडकीपाशी हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, मीच पानी ओतला, डॉक्टर, विहिरीचा. डॉक्टरांनी एक शब्दही ऐकवला नाही, आधी वहिनींना आत घेतलं.

इम्प्लांट काढावं लागलं. वेगळी तपासणी झाली, डॉक्टरांचा अंदाज खरा निघाला आणि औषधं बदलली. जखम भरायला फार वेळ लागला. मधे एकदा भरलेली जागा पुन्हा उघडली, तेव्हा घरातल्यांचा धीर सुटला होता, वहिनींचा नाही. डॉक्टर मला एकदा म्हणाले, "जखम भिजवू नका, आंघोळ जपून करा, सगळं सांगितलं होतं हो. पण घरात लग्न आहे, हळदीचं काय, हे विचारायचं मला सुचलंच नाही. आता प्रत्येकीला विचारतो, घरात काही कार्य आहे का."

डॉक्टरविरुद्धचा अर्ज दिरानं मागे घेतला. तोडफोडीचा गुन्हाही मिटवा म्हणून बड्या लोकांचे फोन मला आले. मी ऐकलं नाही. प्रेमापोटी फोडली तरी काच फुटतेच, आणि मार खाल्लेल्या कंपाउंडरचा यात काय दोष? खटला कोर्टात गेला. दिरानं गुन्हा कबूल केला, दंड भरला, आणि वकिलानं सुचवलेली एकही सबब पुढे केली नाही. तिथे मात्र तो माझ्या नजरेत मोठा झाला.

वर्षभरानं वहिनींनी त्याच डॉक्टरांकडून इम्प्लांट पुन्हा बसवून घेतलं. ऑपरेशन संपेपर्यंत दीर त्याच स्वागतकक्षात, नव्या काचेसमोर बसून होता, असं मला कंपाउंडरनं सांगितलं.

या प्रकरणानं मला एक सवय लावली. तक्रारदाराचा आवाज मोठा असला की त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं असणार, असं आम्ही पोलीस लगेच धरून चालतो. हा माणूस खरोखर तळमळीनं ओरडत होता, आणि त्याचीच कळशी होती. तेव्हापासून ओरडणाऱ्याचं ऐकून घेतो आणि घरात गप्प बसलेलं माणूस कोण आहे ते शोधतो. ते कुणासाठी गप्प आहे हे कळलं, की बहुतेक तपास तिथेच संपतो.

दहा-बारा वर्षांनी, माझी पनवेलहून कधीच बदली झालेली असताना, त्या दिराचा फोन आला. त्याच्या मुलाची हळद होती, यायलाच लागेल म्हणाला. गेलो. मांडव तसाच, बँड तसाच, कळश्या घेऊन पळणारी पोरंही तशीच. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. वहिनी मानानं पुढे खुर्चीवर बसल्या होत्या, तब्येत छान, हातापायांना हळद. आणि त्यांच्या मागे, मुलाची हळद सोडून, हा पुढारी भलीमोठी काळी छत्री उघडून उभा होता. बायका त्याची टिंगल करत होत्या, पोरं लांबून पाणी उडवायला बघत होती, तो छत्री इकडून तिकडे फिरवत होता.

मी जवळ जाऊन म्हटलं, अहो, वहिनींची जखम तर केव्हाच बरी झाली, डॉक्टरांनीच सांगितलंय ना? तो नुसता मान डोलावत राहिला.

वहिनी माझ्याकडे बघून हसल्या. "कवाची सांगते त्याला, मीट ती," त्या म्हणाल्या. "ऐकत नाय."

मी जेवून निघालो तेव्हाही छत्री उघडीच होती.