होयअप्पांनी गुमास्ता नेमला

सोलापुरात चाटी गल्लीत कापडाची दुकानं एकमेकांना खेटून बसलेली. प्रत्येक दुकानात एक पांढरी गादी, आणि त्या गादीवर समोरच्या दुकानदाराला लबाड समजणारा एक माणूस. सिद्धारामप्पा कुणालाच लबाड समजत नसत. त्यामुळे ते या गल्लीतले वाटतच नसत.

त्यांना सारी पेठ होयअप्पा म्हणे. याला कारण त्यांचे वडील. आता, व्यापारी माणूस दुकान 'बंद' करत नाही, 'वाढवतो', हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. थोरल्या अप्पांनी याच्याही पुढची पायरी गाठली होती. शेवटच्या दुखण्यात त्यांनी लेकाला उशाशी बसवून सांगितलं, "बाळ, दुकानाच्या उंबऱ्याच्या आत 'नाही' हा शब्द काढायचा नाही. लक्ष्मी कानाची हलकी असते. ऐकलं की उठली." बाकीचे व्यापारीही हे मानतात, पण माल संपला की "आहे की, पण तुमच्या रंगाला हे दुसरं जास्त शोभेल" असं म्हणून भलतंच काहीतरी गळ्यात घालतात. ही दुसरी विद्या शिकवायच्या आतच थोरले अप्पा गेले. लेकाकडं अर्धाच मंत्र आला.

त्या अर्ध्या मंत्राचे हाल काय विचारावेत! केराबाईनं विचारलं, "अप्पा, लुगड्याचा रंग गेला तर बदलून द्याल न्हवं?" अप्पा म्हणाले, "होय की." साखरपेठेतल्या नरसय्या विणकरानं विचारलं, "अप्पा, औंदा मी विणतो त्या समद्या चादरी तुम्हीच घेणार?" "होय की." भजनी मंडळानं गड्ड्याच्या जत्रेत दुकानापुढचा ओटा मागितला, होय की. गल्लीत उतरून उभं राहिलं तर अप्पांना 'नाही' म्हणायला मुभा होती. पण सोलापूरचं गिऱ्हाईक काय दूधखुळं आहे? जे विचारायचं ते आत येऊन, गादीला गुडघा टेकवून विचारी.

दुकानाच्या मागंच घर. घरात तो शब्द चालत असे, आणि अप्पांच्या बायकोनं, बसव्वानं, तो वापरून वापरून चांगला गुळगुळीत केला होता. गड्डा आठवड्यावर आला तेव्हा एका दुपारी कडक भाकरी नि शेंगाचटणी वाढता वाढता ती म्हणाली,

"ऐकलं का? गड्ड्याला सगळा जिल्हा कापड घ्यायला येतो. तुम्ही सगळ्या जिल्ह्याला होय म्हणणार. नंतर आपण दोघं देवळापुढं बसू, एका घोंगड्यावर."

"मग काय करावं म्हणतेस?"

"नाही म्हणणारा एक गुमास्ता ठेवा. बुधवारपर्यंत. जमलं नाही तर माझा गुरपाद येऊन गादीवर बसंल. मी सांगावा धाडलाय."

अप्पांनी हातातला घास ताटात परत ठेवला. गुरुपाद म्हणजे बसव्वाचा धाकटा भाऊ, अक्कलकोटचा. अंगानं आडवा, आवाजानं उभा. एकदा गादीवर बसला की उठत नाही, अशी त्याची ख्याती. चुलत्याच्या दुकानात तो 'दोन दिवस हातभार लावायला' म्हणून बसला होता. आता चुलता देवळाच्या दारात लोकांच्या चपला सांभाळतो. हौसेनं सांभाळतो, असं गुरुपाद सांगतो.

अप्पांना या जगात दुसरं काही नव्हतं. लेकरू नाही, पान नाही, तंबाखू नाही. सकाळी गादीवर चढून लोडाला पाठ टेकवली, की आपण कुणीतरी आहोत असं त्यांना वाटे. रात्री दुकान वाढवून उतरले की तसं वाटायचं थांबे. ती गादी गुरुपादच्या बुडाखाली गेली, तर आपण दिवसभर कुठं बसायचं, हा प्रश्न त्यांना पडला.

लगोलग त्यांनी न्हाव्याच्या कानावर गुमास्त्याची गोष्ट घातली. म्हणजे दवंडीच पिटली म्हणायची.

मुलाखतीसाठी अप्पांनी एकच प्रश्न घोकून ठेवला. गिऱ्हाइकानं हिरवं लुगडं मागितलं, आणि हिरवं संपलंय; तर काय म्हणशील? प्रश्न नामी होता. अडचण एवढीच, की बसव्वाच्या हिशेबानं याचं बरोबर उत्तर 'नाही', आणि वडिलांच्या हिशेबानं तेच उत्तर पाप. म्हणजे जो पास होईल तोच नापास होणार! सरकारी परीक्षांतसुद्धा इतकी कडक पद्धत अजून आलेली नाही.

पहिला आला मानसिंग, माढ्याचा. भांग पाडलेला, पायांत पंपशू, अंगात कोट. तो बसेना, कारण पाटलोण खाली बसण्याच्या बेतानं शिवलेली नव्हती.

"शिक्षण?" अप्पांनी विचारलं.

"मॅट्रिकला बसलो होतो."

"पास?"

"बसलो होतो," मानसिंग गंभीरपणे म्हणाला.

अप्पांनी हिरव्या लुगड्याचा प्रश्न टाकला. मानसिंगनं कोटाची गुंडी लावली आणि म्हणाला, "मी 'सॉरी' म्हणेन."

अप्पा चाटच पडले. ही युक्ती वडिलांच्याही डोक्यात आली नव्हती. लक्ष्मीला इंग्रजी कळत असेल का, यावर त्यांनी थोडा वेळ विचार केला. मुंबईला तिचं येणंजाणं बरंच आहे, तेव्हा कळतही असेल. शंका राहिलीच.

"मग येऊ कामाला?" मानसिंगनं विचारलं. "खुर्ची मात्र लागेल."

"होय की," अप्पा म्हणाले. "बुधवारी ये."

दुसरा महिपती, जेऊरचा. यानं गेल्या दिवाळीपासून इतक्या दुकानांत नोकरी केली होती, की चाटी गल्लीतल्या प्रत्येक शेटजीच्या घरचं ताट त्याला पाठ. हिरव्या लुगड्याचं ऐकून तो पुढं सरकला.

"अप्पा, मी म्हणीन, बाई, हिरव्याचं नाव काढू नका. त्या कोपऱ्यावरच्या शेटजींच्या सुनेनं हिरवं घेतलं, अन् काय झालं ठाऊक हाय का?"

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

मग जे झालं ते इथं छापण्याजोगं नाही. चहा आला, संपला, पुन्हा आला. गोष्ट सुनेवरून सासऱ्यावर आणि सासऱ्यावरून एका तमासगिरणीवर जाऊन पोचली. मध्ये दोन गिऱ्हाइकं आली, तीही ऐकत बसली, आणि काही न घेता तृप्त होऊन गेली.

"मग येऊ न्हवं?" महिपतीनं मिशा पुसल्या.

"होय की. राहिलेलं बुधवारी सांग."

तिसरा येडू, केमचा. खांद्यावर घोंगडी, चेहऱ्यावर काही नाही. भावाभावांत मेंढरं वाटली, आणि याच्या वाट्याची लांडग्यानं नेली. म्हणून शहरात आलेला.

"कापडाचं काम केलंय का कधी?"

"न्हाय."

अप्पांनी दचकून गल्ल्यावर कुंकवाची चिमूट सोडली. परक्यानं तो शब्द काढला की एवढा उतारा ते करीत.

"लिहितावाचता येतं?"

"न्हाय." दुसरी चिमूट.

"बरं. हिरवं लुगडं मागितलं, आणि हिरवं संपलंय. काय म्हणशील?"

"न्हाय म्हनंन."

"अरे, तो शब्द सोडून सांग."

येडूनं डोकं खाजवलं. "हाय म्हनू? मग ती म्हनंल, दाव. मग?"

"मग उद्या ये म्हणायचं."

"उद्या आसंल का?"

"परवा ये म्हणायचं."

"आन परवा?"

 परवाच्या पुढं काय, याचा शोध अप्पा गादीवर बसल्यापासून घेत होते. "तू लई विचारतोस रे," ते म्हणाले.

"तुमीच बलवलं की. मला वाटलं, विचारायचंच काम हाय. येऊ मग कामाला?"

कुंकवाचा करंडा निम्मा रिता झाला होता. हा माणूस ठेवला तर लक्ष्मी राहील, पण कुंकवाच्या खर्चात जाईल. अप्पांनी येडूकडं पाहिलं, गल्ल्याकडं पाहिलं, वडिलांच्या तसबिरीकडं पाहिलं. आणि तोंडातून जे निघायचं तेच निघालं. "होय की. बुधवारी ये."

बुधवारी सकाळी अप्पा अजून लोड नीट करतायत, तोवर तिघंही हजर! मानसिंग खुर्ची शोधू लागला. महिपती "तर ती तमासगिरीण..." म्हणून सुरूच झाला. येडू कोपऱ्यात उकिडवा बसला. 'आमच्यातला कोण?' असं त्यांनी विचारलं, तर काय म्हणावं या धास्तीनं अप्पा कुणाकडं बघेनात. तेवढ्यात दारात टांगा थांबला. आधी एक ट्रंक उतरली, मागून गुरुपाद.

"शरणार्थी दाजी!" त्यानं हात जोडून नमस्कार घातला. " अक्का म्हणाली, तुमचं लई अवघड चाललंय. बसू न्हवं गादीवर?"

हे त्यानं उंबरा ओलांडून, आत येऊन विचारलं. सोलापूरच्या गिऱ्हाइकाहून अक्कलकोटचा मेव्हणा काय कमी असतो?

  "होय की," अप्पा म्हणाले, आणि गादीवरून उतरले.

उतरून पायरीजवळ उभे राहिले. हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. भर सकाळी ते आपल्या गादीकडं गिऱ्हाइकाच्या बाजूनं पहिल्यांदाच बघत होते. गुरुपाद लोडावर रेलला. लोड कण्हल्यासारखा झाला. आतल्या दाराच्या फटीतून बसव्वाच्या बांगड्या समाधानानं वाजल्या.

पहिली आली केराबाई, बगलेत लुगडं. "ह्येचा रंग गेला. बदलून द्या."

"नाही," गुरुपाद गरजला. तो शब्द त्या भिंतींनी मालकाच्या जागेवरून कधी ऐकलाच नव्हता. अप्पांनी डोळे मिटून घेतले.

"अप्पा व्हय म्हनलेत," केराबाई म्हणाली.

"मी नाही म्हणतोय."

"तुमी म्हना की. तोंड हाय, म्हनायचंच. मी बसते." आणि ती गादीच्या कडेला ऐसपैस बसली.

मग नरसय्या आला. त्याच्या मागं चादरींनी भरलेला हातगाडा. चादरी एवढ्या, की दुकानात ऊन यायचं बंद झालं. "समद्या घेणार म्हणाले होते अप्पा."

"एक घेणार नाही!"

"बरं," नरसय्या शांतपणे म्हणाला, आणि गठ्ठे आत लावू लागला. "अप्पा होय म्हणाले म्हणूनच विणल्या ना. पहिला गठ्ठा कुठं ठेवू?"

मग भजनी मंडळ पखवाज घेऊन ओटा बघायला आलं. मग कस्तुराबाई आली. तिच्या मुलीच्या लग्नात मामा म्हणून उभं राहायला अप्पा कबूल झाले होते. आता गादीवर अप्पांच्या जागी हा दिसतो, तर मामा हाच का, असं तिनं गुरुपादला नीट न्याहाळत विचारलं. गुरुपाद प्रत्येकाला नाही म्हणे, आणि नाही ऐकून प्रत्येकजण खाली बसे. 'नाही' म्हटलं की लोक उठून जातात, असं अक्कलकोटात त्याला शिकवलेलं. इथं बसायला जागा पुरेना. महिपतीनं तेवढ्यात दोघा-तिघांना चुलत्याची आणि चपलांची गोष्ट सांगायला घेतली होती.

गुरुपाद लालबुंद झाला. येडूकडं बोट करून ओरडला, "ए घोंगडीवाल्या! काढ सगळ्यांना बाहेर!"

"न्हाय," येडू म्हणाला.

"काय म्हणालास?"

"न्हाय म्हनलं. मला अप्पांनी ठिवलंय. तुमी कोन, ते कुटं कुनी सांगितलंय?"

 अप्पांचा हात सवयीनं करंड्याकडं गेला आणि मध्येच थांबला. हा शब्द ऐकून लक्ष्मी गेल्यासारखं त्यांना काही वाटेना. उलट कुणीतरी खांद्यावर हात ठेवल्यासारखं वाटलं.

गुरुपाद गादीवर गुडघ्यांवर उठला. "दाजी! एका धनगराकडनं माझा पाणउतारा! असंच असंल तर मी हा चाललो. सांगा, जाऊ का मी अक्कलकोटला परत? जाऊ?"

आता, आपल्याकडं कुणी पाहुणा 'जाऊ का' म्हणाला की काय करायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. हात धरायचा, 'छे, छे, नाही, असं कसं' म्हणायचं, पाहुण्यानं दोन वेळा झिडकारायचं, आणि तिसऱ्या वेळी बसायचं. गुरुपाद त्याच हिशेबानं थांबला होता. झिडकारण्यासाठी त्यानं हातही तयार ठेवला होता.

अप्पा मात्र उंबऱ्याच्या आत उभे होते.

त्यांनी तसबिरीकडं पाहिलं. गादीकडं पाहिलं. सगळ्या दुकानाचे डोळे त्यांच्या तोंडाकडं लागले.

"होय की," सिद्धारामप्पा म्हणाले. "जा."

गुरुपादचा झिडकारायचा हात हवेतच राहिला. एवढ्या लोकांदेखत विचारलं होतं, एवढ्या लोकांदेखत उत्तर आलं होतं. तो उतरला. मानसिंगनं चटकन पुढं होऊन ट्रंक उचलली आणि अक्कलकोटच्या दुकानात खुर्ची आहे का, अशी चौकशी करत तो टांग्यापर्यंत गेला. तो परत आला नाही. महिपती दुपारपर्यंत समोरच्या दुकानात हीच हकीकत सांगताना दिसला, आणि तिथंच रुजू झाला.

बसव्वा उंबऱ्यापर्यंत आली. "माझ्या भावाला जा म्हणालात?"

"त्यानं दुकानात विचारलं," अप्पा म्हणाले. "घरात विचारलं असतं तर गोष्ट वेगळी होती."

 या माणसाला एवढी अक्कल आहे की मुळीच नाही, हे बसव्वाला ठरवता येईना. मग येडूवर नजर टाकून ती म्हणाली, "ह्याला जेवायला घाला," आणि आत गेली.

अप्पा गादीवर चढले. गादी अजून मेव्हण्याच्या अंगानं गरम होती आणि मध्ये खोल खड्डा पडला होता. ते त्या खड्ड्यात बसले, लोड ओढून घेतला, पाठ टेकली. क्षणभर फार बरं वाटलं.

तेवढ्यात केराबाईनं विटकं लुगडं त्यांच्या मांडीवर टाकलं, आणि नरसय्यानं दुसरा गठ्ठा गल्ल्याला टेकवून ठेवला.

"हं अप्पा," केराबाई म्हणाली, "आता बोला."

अप्पांनी हळूच मान वळवून येडूकडं पाहिलं. येडू जांभई देत उठला.