लाल गोटी

वाचकहो, उठून उभे राहा! संभाव्यतेच्या नियमाचा भरदिवसा खून झाला आहे. स्थळ, गुम्मिडिपूंडीतल्या आमच्या कारखान्याचं फाटक.

तिथली रखवालदार बाई खाकी टोपीखाली मोगऱ्याचा गजरा दाबून बसवते आणि कापडी पिशवी खुळखुळवत आमच्या गाडीपाशी येते. आम्ही चौघं. पिशवीत म्हणे एक लाल गोटी, तीन पांढऱ्या. लाल निघाली की त्या माणसाची झडती, बाकीचे मोकळे. झडतीत ती डब्यातली पोळीसुद्धा उलटून बघते. तेवढ्यात हजेरीला उशीर होऊन अर्धी रजा कापली जाते आणि मी तर लेकीच्या साखरपुड्यासाठी रजा जपतोय.

वयाचा मान म्हणून तिघं तरुण सहकारी पहिला हात मलाच घालू देतात. सोमवारी लाल. मंगळवारी लाल. बुधवारीही लाल! एकदा म्हणजे चारात एक, दोनदा म्हणजे सोळात एक, सलग तीनदा म्हणजे चौसष्टात एक! मी पिशवी हिसकावून उलटी केली. चारही गोट्या लाल!

"अहो बाई!" मी किंचाळलो.

ती जराही लाजली नाही. "उन्हात चौघांची वाट कोण बघणार, सार? पहिला येईल त्याला तपासायचं, काम संपलं."

मग तिघांकडे बघत ती बोलून गेली, "अय्यो, यांना ठाऊक आहे की! म्हणून तर तुम्हाला पुढे ढकलतात!"