दोन जोड्या, एक गडी

त्या साली आमच्याकडे डवरणीला, उभ्या पिकातलं तण काढायला, बैलांच्या दोन जोड्या होत्या आणि हाकणारा एकच, माझा मोठा भाऊ. दुपारी एक जोडी सोडायची, दुसरी जुंपायची. बैल बदलायचे, भाऊ तोच. मारेगावजवळच्या आमच्या गावात याचं फार कौतुक होतं. ते कौतुक आठवलं की मला आजही शिसारी येते.

भावाची झोप उडाली होती. अंथरुणाला पाठ लावायचाच नाही. दिवसभर डवरा, रात्रभर गोठा, आणि दिवस उगवायच्या आत विहिरीवरून घरचं सगळं पाणी भरून मोकळा. डोळे लाल, ओठांना पापुद्रे, बडबड सारखी चालू. बाबा पारावर बसून सांगत, पोरगा वाघ आहे. पाणी भरणं खरं तर माझं काम. ते टळलं म्हणून मीही खूश होते, म्हणून किळस करायची तर ती माझीही करायला हवी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यानेच हळद-तूप लावून चारी बैलांचे खांदे शेकले. पोळा झाला आणि तो आडवा पडला, तो उठेचना. भाकरी समोर नेली तरी भिंतीकडे तोंड करायचा. आता मात्र घराला आजार दिसला. काकाने तोंडावर पाणी मारलं. मग एका जाणत्याला, भूतबाधा उतरवणाऱ्याला, बोलावून नाकाखाली मिरच्यांचा धूर दिला. भावाच्या नाकातोंडातून पाणी गळत राहिलं, आणि दारात जमलेले लोक हसत होते. त्यांचे ते तंबाखूने काळे पडलेले दात मी विसरलेले नाही.

शेवटी त्याला बैलगाडीत घालून वणीला डॉक्टरकडे नेलं. मीही सोबत होते. कधीपासून असं आहे, डॉक्टरांनी विचारलं. पोळ्यापासून, बाबा म्हणाले. त्याआधी झोप कशी होती?

"त्याआधी त्याले काहीच नव्हतं, साहेब. रातदिवस काम करे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मग त्यांनी ताकदीचं औषध लिहून दिलं.

परतताना नाल्यावर बाबांनी गाडीचे बैल सोडले. भाऊ गाडीतल्या कडब्यावर डोळे उघडे ठेवून पडला होता. बाबांनी बैलांच्या मानेवरून हात फिरवला.

"थकले असतीन बिचारे," ते म्हणाले. "घडीभर आराम करू दे त्याइले."