ओढून आणलेला आराम

आमच्या थोरल्या जाऊबाई रागावल्या की बोलत नाहीत, ओटा घासत सुटतात. त्या संध्याकाळी लख्ख ओट्यावर त्यांचं फडकं फिरतच राहिलं, तेव्हाच मी ओळखलं, ऑफिसात बिनसलंय.

घरात त्यांना आकडेबाई म्हणतात. नव्या औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासणं हे त्यांचं काम. निम्म्या रुग्णांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. कुणाला कुठली, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. यंदाची गोळी गुडघेदुखीवरची होती. दुसऱ्या दवाखान्यातर्फे आमच्या सासूबाईही त्या चाचणीत होत्या. ठणका कमी झाला, पण ओकाऱ्यांनी इतक्या हैराण झाल्या की त्यांनी मधेच गोळी सोडली. गुडघा पुन्हा होता तसा. कुणी विचारायलाही आलं नाही.

"सोडून गेलेल्यांचं काय करतात, माहितीय?" फडकं पिळत जाऊबाई म्हणाल्या. "गोळी चालू असतानाचं त्यांच्या दुखण्याचं शेवटचं माप उचलायचं आणि चाचणी संपेपर्यंत तेच पुढे ओढायचं. आईंचा गुडघा कागदावर अजून ठणठणीत आहे!"

"मग त्या कागदालाच जिना चढायला सांग," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या.

मी हसले. जाऊबाई हसल्या नाहीत. खरंच, जो त्रासाने उठून गेला, त्याच्याच तोंडी 'बरं वाटतंय' घालायचं आणि वर त्याला पद्धत म्हणायचं!

दुसऱ्या दिवशी त्या चाचणी चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या. तिथलं बोलणं त्यांनी घरी आल्यावर जसंच्या तसं ऐकवलं.

"मॅडम, पद्धत आधीच ठरलीय. आता खुसपट कशाला?"

"ती राहू दे. पण सोडून गेलेल्यांत खरी गोळी घेणारेच जास्त आहेत, तेही ओकाऱ्यांमुळे. गोळी सुटल्यावर त्यांचं दुखणं खोटी गोळी घेणाऱ्यांइतकंच राहिलं, असं धरून पाहिलं. फायदा जवळपास उरत नाही."

"हे तुम्ही गृहीत धरलंत."

"आणि ते बरेच राहिले, हे कुणी जाऊन पाहिलं?"

"सासूबाईंसाठी हा तमाशा चाललाय तुमचा."

"त्यांना वगळूनही पाहिलंय. उत्तर तेच."

डॉक्टरांनी अहवाल पुढे सरकवला. "पहिला हिशेब तेवढा ठेवा आणि सही करा. नाहीतर पुढच्या कामाला मला दुसरं माणूस बघावं लागेल."

जाऊबाईंनी पहिल्या हिशेबाखाली दुसरा तेवढ्याच ठळक अक्षरात घातला आणि त्याच्याखाली सही केली.

"अगं, नोकरी गेली म्हणजे?" हे सगळं ऐकून सासूबाईंचा आवाज बारीक झाला.

"आई, गुडघा कसाय?"

"मेला दुखतोय."

"तेच लिहून आलेय मी."

"म्हणजे आता ती गोळी बाजारात यायची नाही ना?" मी विचारलं.

"दुसरा हिशेब खोडून सही करणारं कुणी मिळालं, तर येईल," जाऊबाई म्हणाल्या आणि त्यांनी फडकं उचललं.